डमी बाळ रडलं, मुलींशी बोलायचं राहिलं : सोलापुरातल्या नर्सिंग कॉलेजांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजचे प्राचार्य, चाइल्ड हेल्थ आणि मिडवायफरी शिकवणारे ट्यूटर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर,

सगळ्यांना नमस्कार.

मी नवजात बाळांच्या युनिटला सिस्टर आहे. तुमच्या मुली, आणि आता बरीच मुलंही, पोस्टिंगला येतात ती माझ्यासारख्यांच्या हाताखालीच येतात, त्यामुळे लॅबमध्ये काय शिकवलं आणि त्यातलं डोक्यात काय उरलं हे आम्हाला आठवड्याभरात कळतं. तक्रार करायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडी तक्रार आहेच, खोटं कशाला बोलू, पण ती मुलींबद्दल नाहीये.

सरळ सांगते. तुम्ही सिम्युलेशन, म्हणजे डमीवर खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव, घेता पण त्याच्यानंतरचं डिब्रिफिंग, म्हणजे काय झालं आणि का झालं यावर बसून बोलणं, घेत नाही, आणि त्यामुळे सिम्युलेशनवर घालवलेला अख्खा दिवस जवळपास वाया जातोय.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१ चा सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रम आल्यापासून स्किल लॅब आणि सिम्युलेशनला कागदावर मानाची जागा मिळालीय, त्यामुळे सगळीकडे लॅब उभ्या राहिल्या, डमी आल्या, बाळाला ऊब देणारे वॉर्मर आले, भिंतीवर रिससिटेशनचे, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं सावरायचं त्याचे, चार्ट लागले. चांगलंच झालं. आमच्या वेळी जुन्या उशीला बाळोतं गुंडाळून डेमो व्हायचा. पण आता होतं काय की इन्स्पेक्शनच्या आधी डमी कपाटातून निघते, मुलींचे गट पडतात, एकेका गटाचा सीन सहा-सात मिनिटं चालतो, शेवटी ट्यूटर मॅडम बल्ब दाबून बाळ रडवतात, सगळे टाळ्या वाजवतात, मग मॅडम म्हणतात "छान, पण मास्क नीट धरायचा, टॉवेल बदलायचा, आणि जरा लाऊडली बोलायचं, चला नेक्स्ट बॅच." झालं, दोन मिनिटांत संपलं. गड्ड्याच्या यात्रेत मोठ्या पाळण्यातून उतरल्यावर जशी गरगरत पोरं बाजूला होतात आणि पाळणेवाला पुढच्यांना बसवतो, अगदी तसं.

याला आपण डिब्रिफिंग म्हणतोय. जर्नलमध्ये तसं लिहितोय पण. ही झाली सूचना. डिब्रिफिंगमध्ये बोलायचं असतं मुलींनी, आणि ऐकायचं असतं तुम्ही.

आता नवजात बाळाच्याच बाबतीत मी एवढं का ताणतेय ते बघा. १०० बाळं जन्मली तर साधारण १० बाळांना पहिला श्वास घ्यायला कुणाची तरी मदत लागते, आणि छाती दाबण्यापर्यंत किंवा औषधांपर्यंत वेळ जाते ती एखाद्याच बाळावर. म्हणजे विद्यार्थिनीच्या अख्ख्या पोस्टिंगमध्ये असं बाळ तिच्यासमोर येईल की नाही सांगता येत नाही, आणि आलंच तर तिला मागे ढकलून सिनियर पुढे होणार, होणारच, व्हायलाच पाहिजे. मग ती शिकणार कुठं? लॅबमध्येच. केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ ला आला, २०१० ला अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा हेल्पिंग बेबीज ब्रीद आला, दोन्हीकडे सगळा भर त्या पहिल्या मिनिटावर. पुसायचं, ऊब द्यायची, मान सरळ करायची, लागलं तरच सक्शन, म्हणजे नळीने तोंडा-नाकातलं ओढून काढणं, पाठीला चोळून जागं करायचं, आणि तरी श्वास नसेल तर ६० सेकंदांच्या आत बॅग अँड मास्क, म्हणजे चेहऱ्यावर मास्क धरून पिशवी दाबत हवा देणं, सुरू. एवढं सगळं एका मिनिटात कोंबल्यावर करणाऱ्या मुलीला त्यातलं काहीच आठवत नाही हो. तिला वाटतं मी लगेच बॅग सुरू केली. घड्याळ बघितलेली मैत्रीण सांगते, दोन मिनिटं होत आली होती. दोघी खरं बोलत असतात. हे दोन हिशोब समोरासमोर ठेवायला जागा पाहिजे आणि ती जागा म्हणजे नंतरचं बसून बोलणं, दुसरी कुठली नाही.

एक प्रसंग सांगते. कुठल्या कॉलेजचा ते विचारू नका, कुठलाही असू शकतो. मला लॅबमध्ये बघायला बोलावलं होतं. थर्ड इयरची मुलगी, हुशार, हात पण चांगला. बाळ आलं, रडत नाही, अंग ढिलं. तिने बाळ वॉर्मरवर घेतलं आणि तडक सक्शन ट्यूब हातात, तोंड, नाक, परत तोंड, परत नाक, आणि त्या सगळ्या वेळात बाळ खालच्या ओल्या टॉवेलवर तसंच. ट्यूटर मॅडमनी संपल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "टॉवेल कोण बदलणार, मी?" सगळ्या हसल्या. ती पण हसली, आणि गप झाली.

हसणं थांबल्यावर मी फक्त एवढं विचारलं की अगं, तू सक्शनला बराच वेळ दिलास असं मला दिसलं, आणि तोपर्यंत बाळ ओलं होतं म्हणून मला त्याच्या टेंपरेचरची काळजी वाटायला लागली, तर तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं? ती म्हणाली, "मॅडम, प्रोसिजर मॅन्युअलमध्ये सक्शन पहिलं आहे. एअरवे क्लिअर केल्याशिवाय पुढं जायचं नाही असं व्हायवाला विचारतात." मॅन्युअल काढलं. होतं की पहिलं! कुठल्या तरी जुन्या छापील वहीवरून वर्षानुवर्षं उतरवत आलेलं. आता सगळ्याच गाइडलाइन सांगतात की सरसकट सक्शन करायचं नाही, तोंडात-नाकात काही अडकलेलं दिसलं तर करा, उगाच खोल नळी घातली तर बाळाचे ठोके कमी होतात. म्हणजे ती पोरगी चुकली नव्हतीच, तिने तुमची वही तंतोतंत पाळली होती. त्या दिवशी टॉवेलवरून टोमणा मारून पुढची बॅच घेतली असती तर वही तशीच राहिली असती आणि दरवर्षी पन्नास-साठ पोरींनी पहिल्या मिनिटात सक्शनच केलं असतं. डिब्रिफिंगचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, त्यातून शिकवणाऱ्याच्या चुका बाहेर येतात. कदाचित म्हणूनच आपण ते टाळतो, राग मानू नका.

(आणि टॉवेलवरून आठवलं, अख्ख्या देशाला टॉवेल पुरवणारं गाव आपलं, आणि लॅबमध्ये बाळ पुसायला एकच टॉवेल, तो पण सकाळपासून सगळ्या बॅचनी वापरलेला. दोन कोरडे टॉवेल हातात नसतील तर ओला बदलायची सवय लागणार कशी?)

प्रश्न कसा विचारायचा यावर बाहेर भरपूर काम झालंय. जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ला मांडलेली पद्धत मला सगळ्यात पटते, कारण ती आपल्या स्वभावाच्या नेमकी उलट आहे. आधी काय दिसलं ते सांगायचं, मग मला त्याचं काय वाटलं ते लपवून न ठेवता सांगायचं, आणि मग खरंच माहिती नाही अशा सुरात विचारायचं की तू काय विचार करत होतीस. आपण काय करतो, एक तर "असं का केलंस" म्हणतो, आणि आपल्याकडे मास्तरांनी "का केलंस" विचारलं की त्याचं उत्तर "सॉरी मॅडम" एवढंच असतं, किंवा मग एकदम गोड होतो, "छान छान, सगळ्यांनी मस्त केलं", चूक दिसली तरी बोलत नाही, वाईट वाटेल म्हणून. दोन्हीकडे मुलगी कोरडीच घरी जाते. डिब्रिफिंगच्या मॉडेलांची नावं काय, पर्ल्स म्हणा, गॅस म्हणा, प्लस-डेल्टा म्हणा, एम.एस्सी.च्या थिसिसमध्ये सगळ्यांनीच लिहिलेली असतात. माझं म्हणणं एवढंच की त्यातलं कुठलंही एक धरा आणि थिसिसच्या बाहेर काढा.

दुसरी गोष्ट जी फक्त बोलल्यावरच कळली. एका गटातल्या मुलीने छाती उचलत नाहीये हे बघूनसुद्धा मदत मागितली नाही, एकटीच बॅग दाबत राहिली. चार्टवर मोठ्या अक्षरात "मदत बोलवा" लिहिलंय, ते पाठ पण होतं. विचारलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "हाक मारली की वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात एवढं पण येत नाही का, कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला." सगळा ग्रुप मान हलवायला लागला. आता ही गोष्ट कुठल्या चेकलिस्टमध्ये बसणार? त्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणजे आम्हीच की. त्याच्यानंतर मी आमच्या युनिटला सांगून ठेवलं की स्टुडंटने हाक मारली की आधी जायचं, बोलायचं ते नंतर, आणि बोलायचंच असलं तर बाजूला घेऊन. सांगायचं कारण, डिब्रिफिंगमधून निघालेलं सगळंच काही मुलीच्या वहीत जाणारं नसतं, काही आमच्याकडे पण पाठवा, आम्हाला कळू द्या.

वेळेचं बोलते, कारण टाइमटेबल तुमच्या हातात आहे. साधा हिशोब असा आहे की सीन जेवढा वेळ चालला त्याच्या निदान दुप्पट वेळ बोलायला पाहिजे. सात मिनिटांचा सीन असेल तर पंधरा-वीस मिनिटं. सुरुवातीची थोडी मिनिटं फक्त जीव खाली पडायला, कसं वाटलं, घाबरलीस का, हात कापत होते का, कारण ते बाहेर पडल्याशिवाय पुढचं कुणाला ऐकूच जात नाही. मग मधला मोठा वेळ काय झालं आणि का झालं यावर. शेवटी प्रत्येकीने एक वाक्य, पुढच्या वेळी मी काय वेगळं करणार. आणि डमीच्या भोवती उभं राहून नाही, बाजूला खुर्च्या गोल करून, ट्यूटरची खुर्ची पण त्याच गोलात. टेबलामागं बसलात की ती परीक्षा झाली.

आणि गप्प बसायला शिका, हे मी स्वतःला पण सांगते. प्रश्न विचारून आपण तीन सेकंद पण थांबत नाही, लगेच उत्तर आपणच देतो. मनात दहापर्यंत मोजा. अवघड वाटतं, पण सहा-सातपर्यंत कुणीतरी तोंड उघडतंच.

बोलू कुठल्या भाषेत द्यायचं? ज्या भाषेत विचार केला त्या भाषेत! आपल्याकडं अक्कलकोट साइडच्या मुली घरी कन्नड बोलतात, पूर्व भागातल्या तेलुगू, काहींचं घरचं बोलणं हिंदी-उर्दूतलं, मंगळवेढा-सांगोल्याकडच्यांचं मराठी आपलं रांगडं. त्यांना "एक्सप्लेन युवर रॅशनेल" म्हटलं की ती पाठ केलेलं वाक्य फेकणार. इंग्रजी परीक्षेत लागतं, मान्य, ते लेक्चरला शिकवा. पण "मला वाटलं बाळ गेलंच" हे ती इंग्रजीत कधीच सांगणार नाही, आणि तेच तर ऐकायचं असतं.

मार्क. इथं मी अजिबात मागे हटणार नाही. डिब्रिफिंगमध्ये जे बोललं गेलं ते इंटर्नल असेसमेंटमध्ये गेलं की खेळ संपला, पुढच्या वेळेपासून सगळ्या आदर्श उत्तरं देणार. परीक्षेचं सिम्युलेशन वेगळ्या दिवशी घ्या, आधी सांगून घ्या. तसंच व्हिडिओचं. मोबाइलवर शूटिंग करून दाखवायचं फॅड आलंय, करा, पण व्हिडिओ दाखवल्यामुळे नुसत्या नीट चर्चेपेक्षा फार जास्त शिकलं जातं असं अभ्यासांत काही दिसलेलं नाही, आणि तोच व्हिडिओ ग्रुपवर गेला की ती मुलगी आयुष्यभर तुमच्यासमोर हात उचलणार नाही. घेतला तर दाखवायचा आणि तिथंच डिलीट करायचा.

आता उलट बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल की सिस्टर प्रत्येक गोष्टीवर चर्चा करायला सांगतायत. मास्क चेहऱ्यावर बसत नाही, हवा बाजूने फुस्स होतेय, हे बोलून सुटणार नाही. तिथं सीन थांबवायचा, बोटं कशी ठेवायची ते दाखवायचं, मान थोडी सरळ करायची, परत करायला लावायचं, छाती वर आली की पुढं. मिनिटाला ४० ते ६० श्वास हा वेग पण "दाब, दोन, तीन" असं तोंडाने म्हणत म्हणत हातात बसतो, वर्तुळात बसून नाही. हाताचं काम हाताने शिकवा आणि डोक्यातलं बोलून. यासाठी लाखांची डमी पण लागत नाही. नियोनॅटली म्हणून ती साधी फुगवायची बाहुली येते, तिच्यात कोमट पाणी भरलं की खऱ्या बाळासारखी जड लागते, एक बल्ब दाबला की नाळेचे ठोके लागतात, दुसऱ्याने छाती हलते. बास होतं. स्टॅनफर्डचे डॉ. डेव्हिड गाबा यांनी २००४ मध्येच लिहून ठेवलंय की सिम्युलेशन म्हणजे यंत्रं नव्हेत, ती एक पद्धत आहे. आपण मात्र बजेट यंत्रावर संपवतो.

सीन पण आपल्या गावचे घ्या ना. मे महिना, बाहेर ४२-४३, लेबर रूममधला एसी फुल, कारण आतले सगळे घामाने निथळतायत, आणि ओलं बाळ त्याच गार झोतात. मुलींना विचारा, बाळ गार पडेल का? निम्म्या म्हणतील सोलापुरात कुठलं गार पडतंय! खोली २५ च्या खाली नको आणि बाळ ३६.५ ते ३७.५ मध्ये पाहिजे, हे आकडे त्यांना पाठ असतात, पण आपल्या उन्हाळ्याशी कुणी जोडून दिलेले नसतात. नाहीतर असं करा, एका ट्यूटरला आजी करा, तेलुगूत बोलणारी, जी दारातून सारखी विचारतेय पोर रडत का नाही. मी अशा एका सीननंतर विचारलं की आईशी कोण बोललं? कुणीच नाही. पाच जणी बाळावर तुटून पडलेल्या, आई तिथंच टेबलावर, वर बघत. त्यावर जी चर्चा रंगली ती जेवणाची सुट्टी झाली तरी थांबेना, मग एकीनं सांगितलं की तिच्या वहिनीच्या वेळी असंच झालं होतं आणि तासभर कुणी घरच्यांना काही सांगितलं नव्हतं.

म्हणूनच एक विनंती, डमी बाळ मारू नका. निदान नवख्या मुलींच्या सीनमध्ये नाही. काही ट्यूटर शेवटी "बेबी एक्स्पायर्ड" म्हणतात, धडा बसावा म्हणून. कुणाच्या घरात काय झालंय आपल्याला माहिती नसतं, आणि त्यानंतर दोन मिनिटांत नेक्स्ट बॅच म्हणणं हे तर फारच झालं. मृत्यूचा सीन घ्यायचा असेल तर मोठ्या वर्गाला घ्या, आधी कल्पना द्या, नंतर पुरेसा वेळ ठेवा, आणि एखादी उठून बाहेर गेली तर तिच्यामागं कोण जाणार ते आधीच ठरवून ठेवा. वॉर्डात खरंच बाळ गेलं तर मात्र ही चुकांची चर्चा लगेच करू नका, त्या दिवशी मुलीला नुसतं कुणीतरी शेजारी पाहिजे असतं, शिकवणं चार दिवसांनी.

तुमच्या अडचणी माहिती आहेत. साठची बॅच, ट्यूटर कमी, पोर्शन संपत नाही, वर प्राचार्यांना रजिस्टर भरलेलं पाहिजे. म्हणून म्हणते, सगळ्या साठ जणींना डमीला हात लावायलाच पाहिजे असं त्या दिवशी धरू नका. पाच-सहा जणी करतील, बाकीच्यांना बघायचं काम वाटून द्या, दोघी फक्त घड्याळ बघणार, दोघी फक्त टॉवेल-टोपी-वॉर्मर, दोघी फक्त कोण कुणाशी काय बोललं ते लिहिणार, आणि नंतर गोलात त्यांना पण बोलायला लावायचं. नुसतं बघणाऱ्या मुली पण चांगल्या चर्चेतून भरपूर उचलतात, मी बघितलंय. बॅग धरायची पाळी पुढच्या आठवड्यात येईल. आणि ट्यूटरांना पण कुणीतरी शिकवायला पाहिजे, एकदा दोघी मिळून डिब्रिफिंग घ्या, एकीनं घ्यायचं, दुसरीनं मागं बसून ऐकायचं की मॅडम किती बोलल्या आणि मुली किती. मॅडमचं बोलणं निम्म्याच्या वर गेलं असेल तर परत करायचं.

तर मागणं एवढंच आहे की पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल लावताना "सिम्युलेशन" या खान्याच्या खाली "डिब्रिफिंग" असा वेगळा खाना टाका, वेळ लिहा, आणि तो खाना मधूनच कुठल्या तरी गेस्ट लेक्चरला देऊन टाकू नका. ज्या कॉलेजला करून बघायचंय त्यांनी त्यांच्या मुली आमच्याकडे पोस्टिंगला आल्या की त्यांच्या हाती निरोप द्या, मी वीकली ऑफच्या दिवशी येऊन बसेन, मानधन नको, चहा चालेल. अट एकच, त्या वेळात खोलीत कुणी मार्कांचा कागद घेऊन बसायचं नाही, प्राचार्य असले तरी.

आपली,
नवजात युनिटची एक सिस्टर,
सोलापूर